दोघांतही न दिसलेलं अक्षर

काचेच्या पट्टीवर माझ्याच बोटातले रक्ताचे तीन थेंब होते. पहिल्यात निळं द्रावण, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात पाण्यासारखं रंगहीन. निळं म्हणजे ए ओळखणारं अँटी-ए, पिवळं बी ओळखणारं अँटी-बी, रंगहीन डी ओळखणारं अँटी-डी. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक थेंब वेगळ्या काडीनं ढवळला, पट्टी हातात धरली आणि हलकेच इकडून तिकडे कलती करत राहिले. ज्या थेंबातला सलग लाल रंग मोडून बारीक वाळूसारखे लाल कण दिसायला लागतील, ते अक्षर आपलं. निळा थेंब तसाच राहिला. पिवळाही तसाच. तिसऱ्यात मात्र बघता बघता कण धरले. ए नाही, बी नाही, म्हणून ओ; डी आहे, म्हणून पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह.

अकरावीतलं प्रात्यक्षिक होतं ते. वहीत निकाल लिहिला आणि सहज पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. तिथे एक तक्ता होता. डावीकडे आईवडिलांचे गट, उजवीकडे मुलांचे संभाव्य गट. मी आमच्या घराची ओळ शोधायला लागले. आईचा गट ए, हे ठाऊक होतं. बाबांचा एबी, हेही ठाऊक होतं, कारण त्यांच्या पाकिटात फोटोच्या मागे ते कार्ड असायचं आणि आम्ही दोघी बहिणी लहानपणी ते काढून खेळायचो. ए आणि एबी अशी ओळ सापडली. मुलं: ए, बी, एबी.

ओळ पुन्हा वाचली. मग एबीच्या सगळ्याच ओळी वाचल्या. जोडीदार कुठल्याही गटाचा असो, एबीच्या मुलांत ओ कुठेच नव्हता. ताई एबी होती. ती बसत होती. मी बसत नव्हते.

त्या दिवसापासून जवळजवळ दोन वर्षं मी घरात कुणाला काही विचारलं नाही. आज सांगायला सोपं वाटतं, पण सोळाव्या वर्षी छापलेल्या तक्त्याचा शब्द आईबाबांच्या शब्दाहून मोठा वाटतो. मी बाबांचे कान बघायचे आणि माझे कान आरशात बघायचे. जुने फोटो काढून माझ्या जन्माच्या आधीच्या महिन्यांतला आईचा एखादा फोटो आहे का ते शोधायचे. तो सापडला. मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याहून वाईट विचार मनात आला. तो विचार इथे स्पष्ट लिहायला हवा, कारण त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. आईच्या पोटी मी जन्मले हे नक्की असेल, तर मग चूक आईकडे होती.

त्या तक्त्यामागे काय आहे हे मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. तक्ता पाठ करायला सोपा असतो, कारण समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ मी पुढे काढला आणि अजूनही त्यातल्या एकेका गोष्टीशी थबकते.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. जवळजवळ सगळ्या माणसांत या साखळीच्या टोकाची मूळ बांधणी सारखीच. तिला एच म्हणतात. आपल्याकडे ए जनुक असेल तर त्याच्या सांगण्यावरून एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं आणि ते एचच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडतं. बी जनुकाचं विकर दुसरी शर्करा जोडतं. बीच्या वाट्याची शर्करा म्हणजे साधं गॅलॅक्टोज. ए-च्या वाट्याची त्याच घराण्यातली, एन-असिटाइल-गॅलॅक्टोसामीन. दोन्ही विकरं ३५४ अमिनो आम्लांची, आणि त्यांच्यातला फरक उण्यापुऱ्या चार जागांचा. एवढ्याशा फरकापायी माणसाचं रक्त माणसाला चालेनासं होतं.

आणि ओ? ओ म्हणजे न जोडणं. नेहमी आढळणाऱ्या ओ जनुकात ए जनुकातलंच एक अक्षर गळालेलं असतं. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. 'कमळ धवल नवल सहज' असा तीन अक्षरी शब्दांचा मजकूर घ्या आणि त्यातला पहिला 'म' काढून टाका. वाचणारा तीन-तीनच मोजत गेला तर हातात येतं 'कळध वलन वलस हज'. एका अक्षरानं पुढचं सगळं सरकतं आणि काही अर्थच उरत नाही. ओ जनुकाचं तेच होतं. विकर अर्धवट बनतं, काम करत नाही, एचचं टोक मोकळंच राहतं. हे गळालेलं अक्षर १९९० साली फुमिइचिरो यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचून दाखवलं. त्याआधी जवळपास नव्वद वर्षं रक्तगट जगाला ठाऊक होते, त्यांची वारसानं चालणारी गणितं ठाऊक होती, पण अक्षर कुणी पाहिलं नव्हतं.

हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक माणसाजवळ ए, बी, ओ यांपैकी दोन अक्षरं असतात. ए आणि बी दोन्ही असतील तर दोन्ही विकरं आपापलं काम करतात, कुणी कुणाला दाबत नाही. तो माणूस एबी. ए आणि ओ असतील तर ए-चं विकर काम करतं आणि ओ काहीच करत नाही, म्हणून चाचणीत दिसतं फक्त ए. ए आणि ए असलेल्या माणसातही ए-च दिसतं. या दोन माणसांच्या कार्डावर अगदी सारखं लिहिलेलं असतं, पण आतला ऐवज वेगळा असतो. ओ गटाच्या माणसाजवळ मात्र दोन्ही ओ-च असावे लागतात, कारण एकही ए किंवा बी असता तर तो दिसल्यावाचून राहिला नसता.

मूल होताना आई आपल्या दोनांतलं एक अक्षर देते, वडील आपल्या दोनांतलं एक. कुठलं, ते निव्वळ नशीब. आता तक्त्यातली एबीची ओळ उलगडते. एबीच्या माणसाजवळ ओ नाहीच, तर तो देणार कुठून? आणि ओ गटाच्या मुलाला तर दोघांकडून ओ हवा. म्हणून ती जागा रिकामी.

इथवर तक्ता बरोबर आहे. पण या नियमाला एक इतिहास आहे, आणि तो कळला तेव्हा मला खूप वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०० आणि १९०१ च्या सुमारास स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, प्रत्येकाचा रक्तद्रव आणि पेशी वेगळ्या केल्या आणि याचा रक्तद्रव त्याच्या पेशींत, त्याचा याच्यात, असं आलटून पालटून मिसळून पाहिलं. काही जोड्यांत पेशी गोळा झाल्या, काहींत नाही. त्यांना तीन गट सापडले: ए, बी आणि सी. या सीचा पुढे ओ झाला. चौथा, म्हणजे एबी, १९०२ साली त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. दोन माणसांचं रक्त मिसळलं की कधी कधी बिघडतं हे आधीही लोकांनी पाहिलं होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा असं समजलं जायचं. निरोगी माणसांतही हा फरक असतो आणि त्याला शिस्त आहे, हे लँडस्टायनर यांनी ओळखलं. त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. आणि १९०० हेच ते वर्ष, ज्या वर्षी मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरचा चौतीस वर्षं धूळ खात पडलेला निबंध युरोपातल्या शास्त्रज्ञांनी पुन्हा वाचला. रक्तगट आणि आनुवंशिकतेचे नियम जगासमोर जवळजवळ एकदमच आले.

या दोन गोष्टी जोडल्या १९१० साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्झफेल्ड यांनी. कुटुंबंच्या कुटुंबं तपासून त्यांनी दाखवलं की रक्तगट मेंडेल यांच्या नियमांनी पुढे जातात. पण कसे जातात, याबद्दलचा त्यांचा अंदाज वेगळा होता. त्यांच्या मते ए असणं-नसणं ही एक जोडी आणि बी असणं-नसणं ही दुसरी, अगदी स्वतंत्र जोडी. हा अंदाज खरा धरला, तर एबी माणसाजवळ 'ए नाही' आणि 'बी नाही' या दोन्ही गोष्टी लपलेल्या असू शकतात आणि त्या दोन्ही एकाच वेळी मुलाला मिळू शकतात. म्हणजे एबी बापाला ओ मूल होऊ शकतं.

मी १९२० साली सोळा वर्षांची असते, तर पुस्तकानं मला बापापासून तोडलं नसतं.

हे बदललं १९२४ साली, आणि बदललं एका गणितज्ञानं. ग्यॉटिंगनचे फेलिक्स बर्नस्टाइन. दरम्यान पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्का हिर्झफेल्ड या दांपत्यानं ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर देशोदेशींच्या हजारो सैनिकांचे रक्तगट तपासले होते आणि १९१९ साली ते आकडे छापले होते. वेगवेगळ्या लोकांत गटांचं प्रमाण वेगवेगळं असतं हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. बर्नस्टाइन यांनी अशा आकड्यांना एक साधा प्रश्न विचारला. दोन जोड्या खरोखर स्वतंत्र असतील, तर शंभरात चाळीस जणांत ए सापडतो आणि वीस जणांत बी सापडतो अशा ठिकाणी दोन्ही असलेले किती असायला हवेत? चाळीस टक्क्यांचे वीस टक्के, म्हणजे आठ. पण प्रत्यक्षात एबी नेहमी अशा हिशेबापेक्षा कमी भरत होते. जनुक एकच आहे आणि त्याची ए, बी, ओ अशी तीन रूपं आहेत असं धरलं, तर त्याच उदाहरणात एबी पाचच्या आसपास येतात. बर्नस्टाइन यांच्यासमोरचे आकडे या दुसऱ्या हिशेबाशी जुळत होते. स्वतः जमवलेल्या आकड्यांनी हिर्झफेल्ड यांचाच जुना अंदाज खोडला गेला. माणसांच्या मोजणीवरून, एकही गुणसूत्र न बघता, बर्नस्टाइन यांनी ए आणि बी एकाच जागेसाठी भांडतात हे सांगितलं. ज्या जागी ए बसला त्या जागी बी बसू शकत नाही, आणि दोन्ही जागा भरल्या की ओ-ला जागा उरत नाही. ती रिकामी ओळ तिथून आली.

बारावीनंतरच्या सुट्टीत बाबांचं ऑपरेशन ठरलं. रक्त राखून ठेवायचं म्हणून गट तपासायला बाबा आणि मी गेलो. खिडकीपलीकडे तंत्रज्ञ बाई होत्या. बाबांनी सवयीनं पाकीट काढलं आणि म्हणाले, "एबी पॉझिटिव्ह. लिहून घ्या, कार्ड आहे."

"कार्ड ठेवा आत," त्या म्हणाल्या. "कार्डावरून रक्त देत नाही आम्ही. हात पुढे करा."

अर्ध्या तासानं त्यांनी कागद दिला. बी पॉझिटिव्ह.

बाबा हसले. "काहीतरी गफलत आहे. मी वीस वर्षं एबी आहे."

त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा नमुना घेतला आणि दुसऱ्यांदा तपासून झाल्यावर आम्हांला काचेजवळ बोलावलं. नळ्यांच्या दोन रांगा होत्या. पहिल्या रांगेत बाबांच्या पेशी आणि निळं-पिवळं द्रावण. पिवळ्या नळीत तळाशी घट्ट लाल गोळी. नळी हलवली तरी ती फुटत नव्हती. निळ्या नळीतली गोळी हलवताच धुरासारखी विरून गेली. "ही झाली एक बाजू," त्या म्हणाल्या. दुसऱ्या रांगेत उलटं होतं: बाबांचा रक्तद्रव आणि त्यात गट आधीच ठाऊक असलेल्या पेशी. ए पेशींच्या नळीत घट्ट गोळी. बी पेशींच्या नळीत काही नाही. "ज्याच्या अंगात ए असतो, त्याच्या रक्तद्रवात ए-च्या विरुद्ध काही नसतं. असेल तर तो माणूस जगणारच नाही. यांचा रक्तद्रव एला धरतोय. म्हणजे यांच्या अंगात ए नाही. दोन साक्षीदार आहेत आणि दोघं एकच सांगतायत."

जुन्या कार्डाचं काय झालं असावं, तेही त्यांनी सांगितलं. ते एका सामूहिक तपासणीत मिळालेलं होतं, नुसत्या काचपट्टीवरून. पट्टी दोन मिनिटांत वाचायची असते. रांग मोठी असली, पट्टी पडून राहिली, की थेंबाच्या कडा सुकतात आणि सुकलेली कड गोळा झाल्यासारखी दिसते. निळ्या थेंबाची कड सुकली असेल. कुणीतरी थकलेल्या डोळ्यांनी तिला हो म्हटलं असेल. ते एक 'हो' बाबा वीस वर्षं छातीशी बाळगत होते, अपघात झाला तर उपयोगी पडावं म्हणून. प्रत्यक्षात त्या कार्डावर विसंबून कुणी त्यांना एबी किंवा ए रक्त चढवलं असतं, तर त्यांच्या रक्तद्रवानं त्या पेशी फोडल्या असत्या आणि जीवावर बेतलं असतं. रक्त देण्यापूर्वी नमुना पुन्हा तपासण्याचा आणि दात्याचं-रुग्णाचं रक्त जुळवून बघण्याचा नियम याचसाठी आहे, आणि तो पाळणाऱ्या माणसांना मी मनापासून मानते.

बाबा कागद बघत होते. मी बाहेर आले, जिन्यात बसले आणि रडले. ऑपरेशनची भीती वाटली असेल असं समजून बाबा माझ्याजवळ बसले आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, साधं ऑपरेशन आहे." मी काही सांगितलं नाही.

आई ए, बाबा बी. तक्त्यातली ही ओळ सगळ्यांत मोठी असते: ए, बी, एबी, ओ, चारही. आई ए-ओ आणि बाबा बी-ओ असतील तर चार शक्यता समसमान. आईचा ए आणि बाबांचा बी आला तर एबी. ती ताई. आईचा ओ आणि बाबांचा ओ आला तर ओ. ती मी. (चार मुलांपैकी एक ओ होणारच, असा याचा अर्थ बरेच जण घेतात. तसं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी सोंगट्या नव्यानं पडतात. आधीच्या मुलाचं काय झालं हे त्यांच्या लक्षात राहत नाही.) ताईला दोघांचं दिसणारं मिळालं, मला दोघांचं न दिसणारं. माझ्या जवळची दोन्ही अक्षरं आईबाबांच्या अंगात जन्मभर होती आणि त्यांच्या कुठल्याही चाचणीत कधी उमटली नव्हती. आई ए-ओ आहे की ए-ए, हे तिच्या रक्ताची साधी गटतपासणी शंभर वेळा केली तरी कळलं नसतं. ते माझ्यावरून कळलं. जिला मी त्यांची नाही असं वाटत होतं, तीच त्यांच्या आत काय आहे याचा पुरावा होती.

या जाणिवेपाशी मी पुन्हा पुन्हा येते. मूल आईवडिलांसारखं दिसावं, त्यांच्यासारखं असावं, अशी आपली अपेक्षा असते. पण वारशातला केवढा तरी भाग असाच मुक्यानं चालत येतो. कितीतरी पिढ्या नुसतं ए म्हणवून घेत आपला ओ पुढे सरकवत राहतात आणि एखाद्या घरात असे दोन ओ भेटले की अचानक एक मूल वेगळं निघतं. आरएचचंही, म्हणजे गटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचंही, तसंच. आईवडील दोघेही पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, कारण दोघांकडेही एकेक रिकामी प्रत असू शकते.

आरएचबद्दल एवढं सांगून पुढे जाते, कारण अजूनही लोक घाबरून विचारतात: नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर मुलांना त्रास होतो का? होत नाही. काळजी घ्यायची ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात गेल्या तर तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करू शकतं आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला त्याचा धोका असतो. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन १९६८ पासून मिळतं आणि ते वेळेवर घेतलं की हा धोका जवळजवळ टळतो. गरोदरपणात रक्तगट नीट तपासून घेण्याचं हे मोठं कारण आहे.

तक्त्याच्याही काही खोल्या कुलूपबंद आहेत. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं, ज्याला कुणाचंच नेहमीचं रक्त चालत नव्हतं, ओसुद्धा. या माणसांत एचच तयार होत नाही. पाटच नसेल तर ए आणि बीनं बसायचं कुठे? त्यांच्याजवळ ए किंवा बीचं जनुक असलं तरी ते दिसत नाही, आणि वरवरच्या चाचणीत ते ओ वाटतात. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. अशी 'ओ' वाटणारी आई आपल्या मुलाला बी देऊ शकते, आणि नियमांच्या पुस्तकात न बसणारं मूल तिच्या मांडीवर असतं. क्वचित कुणात ए आणि बी दोन्ही गुण एकाच गुणसूत्रावर, एकाच विकरात असतात. त्याला सिस-एबी म्हणतात. अशा माणसाच्या दुसऱ्या प्रतीवर ओ असू शकतो. म्हणजे एबी बापाला ओ मूल, अगदी खरंखुरं. माझ्या घरात तसं नव्हतं, पण जगात तसं आहे.

आणि १९५३ सालची इंग्लंडमधली ती बाई. रक्तदान करायला आली, तर तिच्या नमुन्यात दोन प्रकारच्या पेशी सापडल्या, काही ओ आणि काही ए. नमुन्यांची सरमिसळ झाली असेल म्हणून पुन्हा पाहिलं, तेच. तेव्हा रक्तगटतज्ज्ञ रॉबर्ट रेस यांनी विचारायला सांगितलं, तुम्ही जुळ्यांपैकी आहात का? होती. तिचा जुळा भाऊ तीन महिन्यांचा असताना वारला होता, पंचवीस वर्षांपूर्वी. गर्भात असताना दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या, त्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी तिच्यात येऊन राहिल्या होत्या आणि अजून रक्त बनवत होत्या. तिच्या लाळेच्या तपासणीवरून तिचा स्वतःचा गट ओ ठरला. ए होता तो भाऊ. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

रक्तगट नातं सिद्ध करू शकत नाही. माझा ओ आणि बाबांचा बी जुळतो म्हणून मी त्यांची, असं कुणी म्हणू लागलं तर तेही चूकच, कारण असे जुळणारे लाखो पुरुष आहेत. फार तर 'हा नव्हे' एवढं सांगता येतं, आणि तेही सगळे नमुने पुन्हा तपासून, दुर्मीळ शक्यता बाजूला काढून. चार्ली चॅप्लिन यांच्यावर चाललेल्या खटल्यात हे उलट्या बाजूनं घडलं. ते ओ, मुलीची आई ए, मुलगी बी. मुलीतला बी चॅप्लिन यांच्याकडून येणं शक्य नव्हतं. तरी कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं १९४५ साली त्यांनाच बाप ठरवलं, कारण तिथल्या कायद्यात तेव्हा ही चाचणी अंतिम पुरावा नव्हती. न्यायालयानं बरोबर निकालही मानला नाही आणि माझ्यासारख्या मुलीनं चुकीचा निकालही डोळे मिटून मानला.

माझी शंका मनातच राहिली म्हणून कुणाचं घर मोडलं नाही. पण असाच तक्ता, असंच एखादं वीस वर्षांपूर्वीचं कार्ड घेऊन जेव्हा एखादा नवरा बायकोसमोर उभा राहतो, तेव्हा चाचणी चुकली असेल हा विचार सगळ्यांत शेवटी येतो. तो सगळ्यांत आधी यायला हवा. गट पुन्हा तपासा, दोन्ही बाजूंनी तपासा, तिघांचाही तपासा. नवजात बाळाचा तर ते थोडं मोठं झाल्यावर पुन्हा तपासा, कारण तान्ह्या बाळाच्या पेशींवर ए-बी पूर्ण उमललेले नसतात आणि त्याच्या रक्तद्रवात स्वतःची प्रतिपिंडंही नसतात, त्यामुळे दुसरा साक्षीदार उपलब्धच नसतो. एवढं होईपर्यंत त्या बाईकडे प्रश्नार्थक नजरेनं बघायचा कुणालाही अधिकार नाही.

आईला मी हे फार उशिरा सांगितलं, माझी लेक झाल्यानंतर. ती बाळाचे कपडे घडी घालत होती. सगळं ऐकून घेतलं. हातातली घडी पूर्ण केली.

"दोन वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"माझ्यावर शंका होती तुला?"

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हटलं. तिनं पुढचं झबलं उचललं, बाह्या सरळ केल्या आणि बराच वेळ तशीच धरून बसली. मग म्हणाली, "विचारायचं होतंस गं मला. मी म्हटलं असतं, चल, तिघं जाऊन तपासून येऊ." आणि थोड्या वेळानं, "बाबांना सांगू नकोस."

बाबांना नाही सांगितलं.

लेकीचा गट ए आहे, तिच्या वडिलांकडून आलेला. दोन वेगळ्या वेळी, दोन्ही बाजूंनी तपासून घेतला आहे. माझ्याजवळ द्यायला ओशिवाय काही नाही, तेव्हा तिचं दुसरं अक्षर ओ, हे न तपासताच ठाऊक आहे. परवा तिला शाळेत हेच शिकवलं आणि ती तोच तक्ता घेऊन माझ्याजवळ आली. मी तिला सांगितलं, तुझ्यात एक ओ आहे, तो कार्डावर कधी दिसणार नाही, तो माझा आहे.

"तुझ्याकडे तर दोन आहेत ना? मग मला कुठला दिलास? आजीचा की आजोबांचा?"

दोघांपैकी एकाचा, मी म्हटलं. तिनं पेन्सिलीनं तक्त्याच्या कडेला दोन ओ काढले, एकाखाली आजी लिहिलं, एकाखाली आजोबा, आणि दोन्हींपासून आपल्या नावापर्यंत एकेक तुटक रेघ ओढली.